पुण्यापेक्षा उशिरा येणारी कोथिंबीर

सिंगापूरमध्ये कोथिंबीर पुण्यापेक्षा उशिरा येते. हे मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगते तेव्हा त्यांना आधी थट्टाच वाटते. सगळं घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या या शहरात कोथिंबिरीच्या एका जुडीला पाऊण तास लागावा? पण लागतो. कोथरूडची माझी वहिनी तेलात कांदा टाकते आणि मग फोनवरून टोमॅटो मागवते. कांदा लाल होईतो टोमॅटो दारात आलेला असतो. मरीन परेडच्या माझ्या स्वयंपाकघरात हा प्रयोग केला तर कांद्याचा कोळसा होईल.

आमचा हा भाग सिंगापूरच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. किनाऱ्यावर म्हणजे जुन्या नकाशात चक्क समुद्रात. १९६६ पासून इथे भराव घालायला सुरुवात झाली. बेडोक आणि सिगलाप भागातल्या टेकड्या कापून त्यांची माती समुद्रात टाकली आणि पुढच्या वीसेक वर्षांत दीड हजार हेक्टरांहून जास्त जमीन तयार केली. त्या नव्या जमिनीवर सत्तरच्या दशकात सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, उंच इमारती उभ्या राहिल्या. आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटींनी लहानपणी हा समुद्र रस्त्याला लागून पाहिला आहे. त्या गमतीने म्हणतात, तुझं घर माशांच्या गल्लीत आहे.

या वस्तीत कशासाठीही लांब जावं लागत नाही. ८४ नंबरच्या इमारतीत मासळी-भाजीचा बाजार आहे आणि त्याला लागूनच खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर आहे. थोडं पुढे १९८४ सालापासूनचा पार्कवे परेड मॉल आहे, त्यात सुपरमार्केट आहे. मागच्या अंगाला काटोंग, तिथली लाक्सा प्रसिद्ध. नारळाच्या रसातल्या त्या शेवया कापूनच वाढतात, नुसत्या चमच्याने खाता येतात. इतकं सगळं चालत जायच्या अंतरावर असताना घरी माल मागवायची गरज खरं तर कुणाला पडू नये.

गरज पडली २०२० मध्ये. ७ एप्रिल ते १ जून या काळात इथे ‘सर्किट ब्रेकर’ नावाची टाळेबंदी होती. दुकानात बसून खायला बंदी होती आणि घरपोच किराण्याच्या वेळा भराभर संपायच्या. मध्यरात्री नव्या वेळा खुल्या होतील या आशेने आम्ही फोन हातात धरून जागत बसायचो. एखादी वेळ मिळाली की तांदूळ, डाळ, तेल, जे दिसेल ते मागवायचं. तेव्हा माल चार-पाच दिवसांनी आला तरी कुणी कुरकुर केली नाही. पिशव्या दारात ठेवून निघालेल्या माणसाला आम्ही लांबून हात जोडायचो.

साथ ओसरली, ॲप मात्र फोनमध्ये राहिली. पुढचे बदल इतके हळूहळू झाले की ते घरात कुणाच्या लक्षात आले नाहीत.

पहिल्यांदा गेली ती यादी. पूर्वी आमच्या फ्रिजच्या दारावर कागद असायचा. साबण संपत आला, रवा अर्धा डबा राहिला, जे ज्याला दिसेल ते त्याने लिहायचं. शनिवारी ती यादी घेऊन आम्ही लिटल इंडियाला जायचो. टेक्का बाजारात भाजी, सेरांगून रोडवर डाळी आणि पिठं, काही राहिलंच तर मुस्तफाचं दुकान. भाजीवाला मागितल्याशिवाय पिशवीत कढीपत्ता टाकायचा. नारळ फोडून घेताना, रांगेत उभं असताना कुणीतरी ओळखीचं भेटायचं आणि गणपतीच्या कार्यक्रमाला कोण काय करणार आहे ते तिथेच ठरायचं. आता कढीपत्ता प्लास्टिकच्या पाकिटात येतो, त्याचे वेगळे पैसे पडतात आणि तो कधीही मागवता येत असल्यामुळे घरात कधीच नसतो.

यातलं शेवटचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. वस्तू विसरली तर पूर्वी त्याची झळ बसायची. एकदा चिंचेशिवाय आमटी खावी लागली की पुढच्या वेळी चिंच आधी लिहिली जायची. माझी आई मे महिन्यात वर्षभराचं तिखट, हळद, पापड, कुरडया करून ठेवायची, तेव्हा तिच्या डोक्यात पुढचा दिवाळसण, आल्या-गेल्याचा पाहुणचार, श्रावणातले उपास असं अख्खं वर्ष मांडलेलं असायचं. माझ्या डोक्यात शनिवार ते शनिवार एवढंच मावायचं. माझी मुलगी संध्याकाळी सहाला ठरवते की सातला काय खायचं. तिला आळशी म्हणता येणार नाही, अभ्यासाचं नियोजन ती माझ्यापेक्षा चांगलं करते. स्वयंपाकघरापुरता उद्याचा विचार करायचं कारणच तिच्यापाशी उरलेलं नाही.

दुसरा बदल खरेदीच्या आकारात झाला. फक्त लिंबं मागवली तर छोट्या मागणीचा दंड पडतो आणि ठरावीक रकमेच्या वर गेलं की पोचवायचे पैसे माफ होतात. मग लिंबांबरोबर बिस्किटं येतात, वेफर्स येतात, कुणी न मागितलेलं आइस्क्रीम येतं. त्यातून महिन्याचं सभासदत्व घेतलं की भरलेले पैसे वसूल करायला आणखी मागवलं जातं. काटकसरीच्या नावाखाली इतका खर्च मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर केलेला नाही.

तिसरा बदल जेवणाच्या टेबलावर झाला. नवऱ्याला राइस-नूडल्स हवे, मुलीला बर्गर, मला वरणभात. तिघांची जेवणं तीन वेळांना येतात आणि ज्याचं आधी येतं त्याचं गार होऊ नये म्हणून तो आधी जेवतो. घरात भांडण नाही, तंटा नाही, सगळ्यांना आवडीचं मिळतं. फक्त एकत्र बसायचं ठरवून करावं लागतं.

आणि मग तो नकाशा. मागणी नोंदवली की पडद्यावर स्वाराचं चित्र दिसतं. तो निघाला, तो वळला, तो थांबला. का थांबला? आमच्या घरात चिडचिडीला सुरुवात होते ती याच ठिकाणी. डेव्हिड मेस्टर नावाच्या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला होता. त्यातलं एक निरीक्षण आम्हाला तंतोतंत लागू पडतं. भेटीच्या वेळेआधी लवकर पोचलेला माणूस निवांत बसून राहतो, पण ठरलेली वेळ टळली की पाच मिनिटंही त्याला जाचतात. ॲप आम्हाला दर वेळी अशी ठरलेली वेळ देतं. सात वाजून बारा मिनिटं म्हटलं की सात तेराला मुलगी फोन घेऊन दाराशी जाते. हीच मुलगी हॉकर सेंटरला ‘वॉनटन मी’ या नूडल्सच्या रांगेत मैत्रिणींशी गप्पा मारत खुशाल उभी राहते, कारण तिथे कुणी तिला आकडा सांगितलेला नसतो.

त्या रांगांना इथे फार मान आहे. लांब रांग म्हणजे चांगलं जेवण, हा इथला सर्वमान्य हिशेब. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा अडवायची आणि मग रांगेला लागायचं. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा आमच्या आंटी म्हणाल्या, आता रांगेत उभं राहणं हेही वारशात आलं. थांबणं रांगेपुरतंच नाही. २०२४ पर्यंत आठेक वर्षं आमचा रस्ता मेट्रोच्या कामासाठी पत्र्यांनी वेढलेला होता, रोज नवं वळण, रोज नवा आवाज. अखेर २३ जून २०२४ ला मरीन परेड स्थानक उघडलं. तेवढी सगळी वर्षं बसच्या थांब्यावर निमूट उभी राहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे लोकांचा धीर संपला असं सरसकट म्हणवत नाही. माणूस मेट्रोसाठी वर्षानुवर्षं थांबतो आणि भातासाठी सात मिनिटं थांबत नाही.

मधे पुण्याला गेले होते. तिथे मी जे पाहिलं ते सिंगापूरच्या पुढचं होतं. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट. वहिनीच्या फोनमध्ये ही तिन्ही ॲप. सकाळी पूजेला फुलं, दुपारी चार्जर, रात्री कुणाला तरी आठवलेली पेन्सिल. झेप्टो २०२१ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि जुन्या ग्रोफर्सने त्याच वर्षाच्या शेवटी ब्लिंकिट हे नाव घेतलं. इतक्या थोड्या काळात दहा मिनिटं हे घराघरातलं माप होऊन बसलं. यामागची युक्ती अगदी साधी आहे. गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसलेलं छोटं गोदाम वस्तीतच, दीड-दोन किलोमीटरच्या आत उघडायचं, आत हजारो वस्तू हाताशी येतील अशा मांडायच्या, फोनवर मागणी येताच मुलांनी त्या वेचून पिशवीत भरायच्या आणि बाहेर दुचाकीवर तयार असलेल्या मुलाने निघायचं.

सोसायटीच्या फाटकाशी मी त्या मुलांना बघत बसायचे. पंचविशीच्या आतबाहेरची मुलं. एक पाय जमिनीवर, गाडी चालूच, नजर फोनवर. रखवालदार वहीत नाव लिहायला सांगायचा तेव्हा ती वही त्यांच्या अंगावर यायची. एकाला मी म्हटलं, “अरे, पाणी पिऊन जा.” तो म्हणाला, “काकू, पुढची पडलीये,” आणि उलट्या दिशेने गाडी काढून गेला. दादा-वहिनीचा वाणी अजून आहे. त्याच्याकडे खात्यावर सामान मिळतं आणि त्याचा पोऱ्याही घरी आणून देतो, पण तो “संध्याकाळपर्यंत पाठवतो” म्हणतो. संध्याकाळपर्यंत ही वेळ आता वहिनीला नकार वाटते.

सिंगापूरला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मुलीने विचारलं, “आपण इतक्या पुढारलेल्या देशात राहतो, मग आपल्याकडे दहा मिनिटांत का येत नाही?” प्रश्न बरोबर होता. मला त्याचं उत्तर आमच्याच शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या एका अंकलनी दिलं.

हे अंकल साठीच्या पुढचे आहेत. पूर्वी एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे, आता बॅटरीच्या सायकलवर जेवण आणि किराणा पोचवतात. लिफ्टमध्ये वरचेवर भेट होऊन ओळख झाली. एका संध्याकाळी मुसळधार पाऊस लागला म्हणून ते आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत थांबले होते. मी चहा नेऊन दिला आणि मुलीचा प्रश्न त्यांना विचारला. ते हसले आणि बोटांवर मोजत कारणं सांगू लागले.

पूर्वी ते विजेच्या उभ्या स्कूटरवर काम करायचे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जवळच बेडोकला तशाच स्कूटरची धडक बसून सायकलवरच्या एका वयस्क बाई दगावल्या. ५ नोव्हेंबर २०१९ पासून सरकारने या स्कूटरना पदपथावर बंदी घातली. स्वारांनी आरडाओरड केली, पोट कसं भरायचं म्हणून विचारलं. सरकारने दुसरी वाहनं घ्यायला मदत दिली, बंदी मात्र उठवली नाही. आता त्यांच्या सायकलला नोंदणीची पाटी आहे, ती चालवायला त्यांनी परीक्षा दिली आहे, तिची मोटर ताशी २५ किलोमीटरच्या वर साथ देत नाही आणि तीही पदपथावर आणायची नाही. “मला उडायचं असलं तरी सायकल उडत नाही,” अंकल म्हणाले.

दुसरं कारण माणसांचं. हे काम इथे फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना करता येतं. मेट्रोचं भुयार खणायला परदेशातून आलेला मजूर चालतो, पण त्याच्या परवान्यावर त्याला जेवणाची पिशवी पोचवता येत नाही. त्यामुळे गोदामाबाहेर मुलांचा घोळका तयार आहे आणि हाक मारली की एक सुटतो, असं इथे होत नाही. अंकल एका फेरीत दोन घरांचं सामान घेतात. हॉकर गाळ्यावर समोर उभ्या गिऱ्हाइकांनंतर त्यांचा नंबर येतो. मग आमच्या पंचवीस मजली इमारतींच्या लिफ्टची वाट बघायची. नकाशावर स्थिर दिसणारा तो ठिपका बहुतेक वेळा कुठल्यातरी लिफ्टसमोर उभा असतो.

तिसरं कारण कायद्याचं. १ जानेवारी २०२५ पासून इथे प्लॅटफॉर्म कामगारांचा कायदा लागू झाला. कामावर अपघात झाला तर इतर नोकरदारांसारखी भरपाई, संघटना करायचा हक्क आणि सीपीएफ म्हणजे इथल्या भविष्यनिधीत कंपनीचाही वाटा. १९९५ आणि त्यानंतर जन्मलेल्यांना वाढीव वर्गणी सक्तीची, त्याआधीच्यांना ऐच्छिक. अंकलनी ती घेतलेली नाही. हातात पैसे कमी येतात आणि या वयात कुठे साठवत बसू, असं त्यांचं म्हणणं. पण अपघाताचं संरक्षण त्यांनाही आहे. गेल्या वर्षी पावसात सायकल घसरली तेव्हा फार लागलं नाही, तरी लागलं असतं तर काय, याचा विचार कुणीतरी करून ठेवलाय, एवढं त्यांना पुरतं. हा खर्च कुठून येतो ते आम्हाला बिलात दिसतं. प्रत्येक मागणीमागे थोडे सेंट वाढले.

ही कारणं एकत्र केली की मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. दहा मिनिटांची सेवा ज्या यंत्रावर चालते ते यंत्र सिंगापूरला बनवता येत नाही असं नाही. गोदामं बांधता येतील, संगणक आहेतच. पण हाकेसरशी सुटणारी, पडलं-झडलं तर स्वतःचं स्वतः बघणारी, रस्त्याचे नियम मोडायची मुभा असलेली तरुण मुलं इथे स्वस्तात मिळत नाहीत. किती मिनिटांत सामान येतं हा देश किती पुढे गेला याचा आकडा नाही. दारात येणाऱ्या माणसाचा वेळ तिथे किती स्वस्त आहे, त्याचा तो आकडा आहे. मुलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे पुण्यात आपण वाट बघत नाही, कारण आपल्या वाटणीची घाई तो मुलगा करतो?” इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

नवऱ्याला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, काम मिळालं हे काय कमी आहे, आणि वाण्याचा पोऱ्या कुठे सुखात होता? त्यालाही सायकलवर गहू लादून जिने चढावे लागायचेच. ते खरं आहे. पोऱ्याला विमा नव्हता, सुट्टी नव्हती. फरक एवढाच की त्याला मिनिटं मोजणारं कुणी नव्हतं, आणि उशीर झाला तर तो वाण्याचा उशीर असायचा. त्याच्या नावापुढे तारे कमी व्हायचे नाहीत.

वेगाची गरज कुणालाच नसते असंही नाही. गेल्या वर्षी आंटींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आयुष्यभर ट्रॉली ओढत रोज सकाळी बाजारात जाणाऱ्या, माशाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय मासा न घेणाऱ्या आंटी महिनोन् महिने घरात अडकल्या. नातवाने त्यांच्या फोनवर ॲप घालून दिलं. तांदळाची पिशवी घेऊन अंकलच त्यांच्या दारात आले आणि दोघांनी जुन्या किनाऱ्याबद्दल इतक्या गप्पा मारल्या की पुढच्या घरची मागणी खोळंबली. गुडघा सुधारल्यावर आंटी पुन्हा बाजारात जायला लागल्या, पण तांदूळ आणि तेल अजून ॲपवरूनच मागवतात. जड असेल ते त्यांनी आणावं, निवडायचं असेल ते मी आणीन, अशी त्यांची वाटणी. आजारपण, तान्हं मूल, म्हातारपण यांत ही सोय किती मोलाची आहे ते मी समोर पाहिलं. आंटींनाही तांदूळ दहा मिनिटांत नको होता. तो दुसऱ्या दिवशी आला असता तरी चाललं असतं. तो खालून वर यायला हवा होता.

आमच्या घरी हल्ली थोडी शिस्त लावायचा प्रयत्न चालू आहे. फ्रिजवर कागद परत लागला आहे, त्यावर मुलगी मुख्यतः आइस्क्रीम लिहिते. पावसात मागवायचं नाही, हा नियम तिनेच केला आणि सिंगापूरच्या पावसामुळे त्यात बऱ्याच मागण्या गळाल्या. रात्रीचं जेवण एका ठिकाणाहून मागवायचं, यावर मात्र अजून एकमत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये भारताच्या केंद्रीय कामगार मंत्र्यांनी झटपट सामान पोचवणाऱ्या कंपन्यांशी बोलणी केल्यावर ब्लिंकिटने जाहिरातीतून दहा मिनिटांचा शब्द काढला, त्या दिवशी वहिनीचा फोन आला. त्याआधी, डिसेंबरच्या अखेरीस, स्वारांनी संप केला होता. वहिनी म्हणाली, “जाहिरात गेली, पण सामान अजून तितक्याच वेळात येतंय. आणि तू मला शिकवू नकोस. तुमच्याकडे पाऊण तास लागतो, म्हणून तुम्ही काय जास्त सोशिक झालात?”

मी म्हटलं, अजिबात नाही. आम्हीही तितकेच उतावळे आहोत, माझ्या मुलीला सात तेराला बघ. फक्त इथे आमच्या उतावळेपणाला सायकलचा वेग, परवाना आणि बिलातले सेंट आडवे येतात. उद्या हे तीन अडसर काढले तर आम्हीही आठवडाभरात दहा मिनिटांवर येऊ.

वहिनी जरा थांबून म्हणाली, “मग आमच्याकडे घालू देत की अडसर. पंचवीस मिनिटं लागली तर लागली. पण सगळ्यांनाच लागली पाहिजेत हं, नाहीतर मी एकटीच थांबायची आणि शेजारच्या जोशीबाईंकडे दहा मिनिटांत.”

मला वाटतं, या प्रश्नावर मी ऐकलेलं हे सगळ्यात प्रामाणिक मत आहे. एकट्यादुकट्याने संयम पाळून फाटकावरच्या त्या मुलाला पाणी प्यायला वेळ मिळणार नाही. तो मिळायचा असेल तर सगळ्यांची पंचवीस मिनिटं एकदम व्हावी लागतील, आणि ते काम ॲपचं नाही, कायद्याचं आहे.